शेबाबाईंचा मालिद्याचा थाळा

दचकू नका, हा खणखणीत आवाज माझाच. मी मालिद्याचा पितळी थाळा बोलतोय. मूळचा रेवदंड्याचा, सध्या मुक्काम एर्लांगेन, तिसरा मजला.

मालिदा म्हणजे गूळ-खोबऱ्यात कालवलेले पोहे, वर वेलदोडा आणि पाच फळं. आम्ही बेने इस्रायल, कोकणातले मराठी ज्यू. घरात काही शुभ असलं की एलियाहू हन्नाबींच्या नावानं मालिदा करतो. आणि नबी तरी कसे! राजाला तोंडावर सुनावलं, रानात लपले तर कावळ्यांनी भाकर आणून दिली, शेवटी आगीच्या रथातून थेट वर गेले. कोकणातल्या खंडाळ्याच्या, घाटातल्या नव्हे, खडकावर त्या रथाच्या खुणा आहेत, असं आमच्यात सांगतात. प्रवासाला निघालेल्याची काळजी नबींनाच. एवढ्या मोठ्या माणसाचं नाव माझ्यासमोर घेतात, मग मी थोडी ऐट केली तर बिघडलं कुठं?

शेबाबाईंनी मला मुलाच्या, बिन्यामिनच्या, सामानातून जर्मनीत धाडलं. त्याची बायको नीलिमा पुण्याची, हिंदू. पहिल्याच मालिद्याला तिनं हौसेनं तुळशीचं पान ठेवलं आणि माझ्याभोवती पाणी फिरवलं. व्हिडिओ कॉलवर शेबाबाई कडाडल्या, "अगं, हा काय नैवेद्य आहे?" पोरीचं तोंड एवढंसं झालं. त्यानंतर चार वर्षं मालिदा नाही. मी आपला दाराशी, पोटात सायकलच्या किल्ल्या आणि बसचे पास. राग यायचा, खोटं कशाला बोलू?

यंदा शेबाबाई तीन महिन्यांसाठी आल्या. परतायच्या आदल्या दिवशी त्यांनी किल्ल्या टेबलावर ओतल्या आणि मला बॅगेत घातलं.

"आई, तेवीस किलोच्या वर जातंय," बिन्यामिन म्हणाला.

"मग चॉकलेटं काढ. थाळा माझ्याबरोबर येणार. इथे कोण करणार मालिदा?"

मी हादरलो. किल्ल्यांचा का होईना, मी ह्या घरचा झालो होतो.

सकाळी बॅग उघडली ती नीलिमानं. मला घासून लख्ख केलं, पोहे भरले, फळं मांडली. "आई, प्रवासाचा मालिदा केलाय. ह्या वेळी काही चुकलं नाही ना, बघा."

शेबाबाईंनी वाकून पाहिलं. "वासाचं पान कुठंय?"

"पान?"

"आम्ही सब्जा ठेवतो, तुळशीचाच भाऊ. वासावरही आशीर्वाद म्हणतात."

"म्हणजे तेव्हा मी..."

"पान बरोबरच ठेवलं होतंस गं. तू पाणी फिरवलंस आणि मी भडकले. पानाचं सांगायचं राहूनच गेलं." शेबाबाईंनी डोळे पुसले. "तुझ्या कुंडीतलं तुळशीचं एक पान घेऊ का? वासापुरतं."

बिन्यामिननं पुस्तकात बघून आशीर्वाद म्हटले. सगळ्यांनी पोट भरून मालिदा खाल्ला. मग तो मला पुन्हा बॅगेत घालायला लागला, तर शेबाबाईंनी मला काढून घेतलं आणि नीलिमाच्या हातात दिलं.

"नबी वर गेले तेव्हा त्यांची शाल खाली पडली. ती उचलली एलिशानं, आणि त्यांच्यामागे नबी झाला तोच. तो काही त्यांचा मुलगा नव्हता, नांगर धरणारा माणूस. पण शेवटपर्यंत त्यांच्याबरोबर चालला. ठेव थाळा."

आता किल्ल्यांना प्लास्टिकची वाटी आणली आहे. मी स्वयंपाकघरात, वरच्या फळीवर, ऐटीत. तुमच्याही घरात माझ्यासारखं कुणी किल्ल्या सांभाळत बसलं असेल, तर त्याला त्याच्या जागी ठेवा. आणि ते उचलायला कुणी हौसेनं पुढे आलंच, तर बाबांनो, आधी ओरडू नका.