किंमत अंदाजे तीन हजार

मंदाकिनीच्या शिलाई मशीनची किंमत मीच तीन हजार लिहिली. कोणी सांगितलं नव्हतं. एकतीस वर्षं रेल्वेच्या स्टोअरमध्ये जुन्या मालाची किंमत घटवून लिहिली, ती खोड रिटायर होऊनही गेली नाही. नवी दहा हजारांची, वापरलेली, म्हणून तीन. शहाणपणा नडतो तो असा!

मंदाकिनी बुढापारा मोहल्ल्यात आमच्या शेजारी राहते. नवरा गेल्यापासून गोल बाजारात फुटपाथवर मशीन मांडून शिवायची, त्यावरच घर चालायचं. एक दिवस पाणी प्यायला उठली, तेवढ्यात कोणीतरी मशीन ई-रिक्षात घालून पसार. लग्नाचे अठरा ब्लाउज शिवायचे बाकी होते.

तिचा अर्ज मी लिहिला, सही तिनं केली. पोलीस ठाण्यात तक्रारी लिहून घेणाऱ्या मुन्शीनं तो वाचला अन् म्हणाला, "अंकल, पाँच हज़ार से कम की चोरी है. कोर्ट के आदेश बिना हम जाँच नहीं कर सकते. एफआईआर भी नहीं, चोरी में गिनती भी नहीं."

"चोरी झाली नाही का मग?" मंदाकिनीनं मला विचारलं.

"कागद परत द्या, किंमत चुकली," मी मुन्शीला म्हणालो.

"रजिस्टर में चढ़ गया. अब बढ़ाओगे तो झूठी रिपोर्ट मानी जाएगी."

माझं डोकंच फिरलं. चोर तोच, बाई तीच, पोट तेच. मी सहा हजार लिहिले असते तर हाच माणूस उठून टोपी घालून निघाला असता.

समोरच्या भांड्यांच्या दुकानात कॅमेरा होता. दुकानदार म्हणाला, पोलीस आले तर दाखवतो, पण आठ दिवसांनी जुनं पुसलं जातं. आदेशासाठी कोर्टात अर्ज केला, तर तारीख मिळाली बाराव्या दिवसाची. आदेश मिळाला, शिपाईही आला, कॅमेऱ्यात काही उरलं नव्हतं. मंदाकिनीनं अठराही ब्लाउजपीस घरोघरी जाऊन परत केले.

परवा ती कोरा कागद घेऊन आली. "काका, पंडरी बाजारातल्या दुकानात शिवाचं काम मागाचं हाये. अर्ज लिहून द्या ना."

"किती वर्षं शिवून राहिली तू?"

"आठेक झाले असन."

मी पंधरा लिहिले.

"काका, खोटं काहून लिहून राहिले?"

"सही कर," मी म्हणालो, अन् कागद तिच्याकडे सरकवला.