उमाजीचा बुधवार

चुलीतली राख उमाजीनं बोटांनी चाचपून बघितली. गार होती. दुसरी चूल बघितली, तीही गार. तिसरी तर कुणीतरी पायानं विस्कटून टाकली होती. आंब्यांच्या झाडांखाली पाल्याच्या सात खोपी असायच्या, त्यांतली एकही आज उभी नव्हती. त्यांचे वासे उपटून एका कडेला ढीग घातला होता आणि मोकळ्या झालेल्या जागेवर सागाचे ओंडके ओळीनं मांडून ठेवले होते.

खांद्यावरची पत्र्याची पेटी खाली ठेवून उमाजी एका ओंडक्यावर टेकला. गुडघे भरून आले होते. पहाटे चांदण्या असताना तो पेठेतून निघाला होता आणि तीन कोस चालून गुंद गावाला पोचला होता.

पेठेतल्या दवाखान्यात तो ड्रेसर होता. जखमा धुवायच्या, पट्ट्या बांधायच्या, गळू फोडताना डॉक्टरांच्या हाताशी उभं राहायचं, हे त्याचं अठ्ठावीस वर्षांचं काम. आठवड्याची सुट्टी त्यानं बुधवारची मागून घेतली होती आणि गेली सहा वर्षं तो बुधवार या आंब्यांखाली घालवत होता. इथं राहणारी दहा-बारा माणसं दवाखान्यात येत नसत. डोंगरउतारावरचं रान जाळून कुमरीची शेती करणारी ती माणसं होती. सरकारनं कुमरी बंद केली तेव्हा त्यांचं पीकही गेलं आणि पिकाबरोबर हलणारं घरही गेलं. मग लाकूडतोडीच्या मागं फिरता फिरता कुणाचा पाय मोडला, कुणाचा नवरा तापानं गेला, कुणी म्हातारं झालं. तोड पुढं सरकली आणि ही माणसं मागं राहिली.

आज उमाजी त्यांना एकच गोष्ट सांगायला आला होता. शिमगा झाला की त्याची नोकरी संपत होती. मग तो आणि त्याची बायको सुंदरी खानापूरला लेकीकडं जाऊन राहणार होते. गेल्या पावसाळ्यापासून त्याला दर पंधरवड्याला थंडीताप भरत होता आणि पोटातली पानथरी, म्हणजे प्लीहा, वाढून डाव्या कुशीत दगडासारखी लागत होती. काल रात्री पेटी भरताना सुंदरी म्हणाली होती, "किती वर्सं दुसऱ्याचं पाय धुनार? सोताच्या गुडघ्याकडं बगा की जरा." तो खरंच दमला होता.

बांधावरून झिलू उतरून आला. त्याचं भाताचं शेत आंब्यांना लागूनच होतं.

"कुनाला हुडकतासा, अण्णा? ग्येली ती समदी."

"कवा?"

"शनवारी. कंत्राटदाराची मानसं आली. म्हनली, लाकडं ठेवाय जागा पायजे. सांजच्यापातूर हालवलं समद्यास्नी."

"कुनी आडवलं न्हाई?"

झिलूनं खाली बघितलं. "आडवाय जागा कुनाच्या नावावर हाय व्हय?"

"कुटं ग्येली?"

"कुंभारवाड्याच्या अंगाला ग्येली म्हनत्यात. खरं नेमकं काय म्हाईत न्हाई. कान्हूबाबा दोन डाव बसला वाटंत. आमच्या घरात चार भाकरी हुत्या, त्या दिल्या." त्यानं पेठेच्या वाटेकडं हात केला. "तुमी परता आता घराकडं. एवड्या रानात कुटं हुडकनार?"

झिलू बोलत होता ते बरोबर होतं. उमाजी उठून आल्या वाटेनं परत गेला असता तर कुणीही त्याला बोल लावला नसता. दुपारपर्यंत घरी, गरम पाण्यानं गुडघे शेकून घोंगडीवर आडवा. सांगायचं होतं ते न सांगताच सुटल्यासारखं झालं असतं. हे मनात आलं आणि क्षणभर त्याला बरंही वाटलं. मग त्या बरं वाटण्याचीच त्याला लाज वाटली.

त्याला नागूची आठवण झाली. सहा वर्षांपूर्वी नागूच्या पायावर ओंडका घसरला होता, तेव्हा चौघांनी त्याला झोळीत घालून दवाखान्यात आणलं होतं. जखम फार मोठी नव्हती. उमाजीनंच ती धुतली, बांधली आणि सांगितलं, "एक दिसाआड येत ऱ्हा. सोडू नगंस." नागूनं मान हलवली होती. पण त्याच आठवड्यात तोड पाच कोस आत गेली. लंगड्या माणसानं एक दिवसाआड पाच कोस यायचं कसं आणि कामावरची भाकरी सोडून राहायचं कुठं, हे तेव्हा उमाजीच्या डोक्यात आलं नव्हतं. वीस दिवसांनी नागूला परत आणलं तेव्हा पायात किडे होते. तो दवाखान्याच्या पडवीतच गेला. जाण्याआधी त्यानं उमाजीला ओळखलं आणि म्हणाला, "रागवू नगासा. यायला जमलं न्हाई."

त्यानंतरच्या बुधवारी उमाजी पेटी घेऊन पहिल्यांदा गुंदला आला होता.

"झिलू, तुजी गाडी पेठंला जानार हाय का आज?"

"दुपारी जानार."

"डॉक्टरसायबांस्नी सांग, उमाजी उद्या दुपारपातूर येतोय म्हनावं. आनि आमच्या घरातबी तेवडंच सांग."

"गैरहजेरी मांडत्याल न्हवं उद्याची?"

"मांडू देत," उमाजी म्हणाला आणि पेटी उचलली.

कुंभारवाड्याची वाट म्हणजे वाट नव्हतीच. ओढा ओलांडायचा, टेकाड चढायचं, परत ओढा. माघाचे दिवस असूनही रानात ऊन घुसत नव्हतं. पाचोळ्यावरून पाय सरकत होता. अर्ध्या कोसावर त्याला ओंडके वाहणाऱ्या गाड्यांची जुनी चाकोरी सोडून एक पायवाट आत गेलेली दिसली आणि तिच्यावर काठी टेकत गेल्याच्या खुणा दिसल्या. म्हातारा कान्हूबाबा काठी टेकत चालायचा. पुढं तोही माग हरवला. दोन वेळा तो चुकला, एकदा तर जिथून निघाला त्याच बांबूच्या बेटापाशी परत आला. उन्हं कलायला लागली तशी डाव्या कुशीतली पानथरी दुखायला लागली. एका खडकाला पाठ टेकून त्यानं डबा उघडला. सुंदरीनं दिलेली भाकरी अर्धी खाल्ली आणि अर्धी परत बांधून ठेवली.

तिसरा ओढा लागला तेव्हा उमाजीला काठावरच्या करवंदीच्या जाळीवर काहीतरी पांढरं दिसलं. जवळ जाऊन बघितलं. पट्ट्या होत्या. दवाखान्यातल्या जुन्या चादरी फाडून त्यानं स्वतः केलेल्या पट्ट्या, स्वच्छ धुऊन, एकीला एक न चिकटू देता काट्यांवर वाळत घातलेल्या. त्यानं एक हातात घेतली. कडक वाळली होती, तिला वास नव्हता. म्हणजे नुसती ओढ्यात बुचकळलेली नव्हती, उकळून काढलेली होती.

"अण्णा आलं," वरच्या अंगानं बाईचा आवाज आला.

पुढं झुकलेल्या मोठ्या कातळाखाली ती सगळी बसली होती. पावसाळ्यात तिथं पाणी घुसलं असतं, आता कोरडं होतं. हाक मारणारी केशर होती. चाळिशीची, काटक, बोलायला थोडकी. तिच्या उजव्या नडगीवर काटा लागून झालेला व्रण अकरा महिने भरत नव्हता. सुरुवातीला हाड दिसत होतं. दर बुधवारी उमाजी तो लाल औषधाच्या पाण्यानं धुवायचा, बोरिकची पूड टाकायचा आणि बांधायचा. मधल्या सहा दिवसांत तिनं काय करायचं ते तिला पुन्हा पुन्हा सांगायचा.

उमाजीनं माणसं मोजली. एक कमी होतं.

"काशी कुटं?"

केशरनं कान्हूबाबाकडं बघितलं. मग कान्हूबाबा म्हणाला, "वाटंतच ठेवली. आयतवारी. ताप हुताच तिला, त्यात चालनं. बसली ती उठलीच न्हाई."

"पुड्या दिल्या हुत्या की मी."

"खाल्ल्या तिनं," केशर म्हणाली. "रोज सांगून चारल्या. चार ऱ्हायल्या हुत्या. फुलाला ताप भरला तवा तिला दिल्या. चुकलं का माजं?"

"न्हाई चुकलं."

फुला कातळाच्या आतल्या बाजूला पोराला पदराखाली घेऊन बसली होती. तिचा ताप उतरला होता. उमाजीनं तिचे डोळे बघितले, जीभ बघितली, पोराच्या पोटावर हात ठेवून बघितला. आणखी आठ पुड्या काढून दिल्या. मग केशरसमोर बसला.

"सोड बगू."

केशरनं पट्टी सोडली. उमाजी वाकून बघत राहिला. चालून आणि चार दिवस रानात उघड्यावर राहून व्रण चिघळला असेल अशी त्यानं मनाची तयारी केली होती. पण कडेची कातडी गुलाबी होऊन आत सरकली होती. मधोमध चिंचोक्याएवढी जागा राहिली होती, तीही कोरडी.

"कुनी बांधलं हे?"

"मीच. दुसरं कोन हाय?" ती म्हणाली. "मडक्यात पानी उकळलं. हात धुतलं आदी. तुमी सांगतासा तसं."

"रोज?"

"चालत हुतो त्या दिशी न्हाई जमलं."

उमाजीनं मान हलवली. सांगायचं ते आता सांगायला हवं होतं. तो पेटीतल्या बाटल्या उगाच इकडच्या तिकडं करत राहिला. कान्हूबाबानं त्याच्याकडं निरखून बघितलं.

"तुमी हितवर कसं आलासा?" म्हातारा म्हणाला. "आमी म्हनलं, आता बुधवार कळायचा न्हाई."

"म्हंजे?"

"आमास्नी कुठला वार कळतोय, अण्णा? ना बाजार, ना देऊळ. तुमी येतासा तो बुधवार. तितनं पुढं बोटं मोडून मोजायचं." तो दात नसलेलं तोंड उघडून हसला. "आज सकाळी केशर म्हनली, आज बुधवार हाय. मी म्हनलं, न्हाई. मानूस न्हाई तर बुधवार कसला?"

उमाजीनं पेटीचं झाकण लावलं. मग त्यानं सांगून टाकलं. शिमग्यानंतर नोकरी संपते. खानापूर लांब आहे. गुडघे चालत नाहीत. डॉक्टरसाहेबांना त्यानं विचारलं होतं, माझ्या जागी येईल त्याला बुधवारी धाडाल का. साहेब माणूस चांगला, पण ते म्हणाले, "उमाजी, तुम्ही जात होता तो तुमच्या सुट्टीत. दुसऱ्याची सुट्टी मी कशी मागू?" हे सगळं तो खाली बघून बोलला.

कुणी रडलं नाही, कुणी रागावलंही नाही. आपल्याला सोडून जाणारी माणसं त्यांनी खूप बघितली होती आणि त्यांतलं कुणी आधी सांगायला आलं नव्हतं. फुलानं पोराला दुसऱ्या मांडीवर घेतलं. कान्हूबाबा काठीनं जमिनीवर रेघ ओढत राहिला.

"शिमग्याला किती बुधवार हाईत?" केशरनं विचारलं.

"सा."

"सा लई झालं," ती म्हणाली. "शिकवा मला."

"काय शिकवू?"

"माजं मला येतंय. दुसऱ्याचं कसं करायचं ते शिकवा. पू झाला तर वळखायचा कसा. ल्हान पोराला पुडी किती. कुनाला दवाखान्यात न्यायाच पायजे आनि कुनाला न्हाई." तिनं हातानं वरचा कातळ दाखवला. "आमी हितंबी ऱ्हानार न्हाई, अण्णा. पावसाच्या आदी हलावंच लागनार. जिकडं आमी जाऊ तिकडं तुमी कसं येशीला? मी तर संगंच हाय ह्यांच्या."

उमाजी तिच्याकडं बघत राहिला. सहा वर्षांत हे आपल्याला का सुचलं नाही, असं त्याला वाटलं. आपण माणसं मोजत आलो, जखमा मोजत आलो, आणि आज रानात हिंडत असताना सगळ्या वाटेभर एकच काळजी केली, की माझ्यावाचून यांचं काय झालं असेल. इकडं ही बाई रस्त्यात एकीला मूठमाती देऊन पुढं चालत होती आणि पट्ट्या उकळत होती.

"औशिद मी धाडीन," तो म्हणाला. "झिलूच्या घरी ठेवाय सांगतो. महिन्याला एक डाव कुनीतरी न्याया यायचं."

"येतो आमी."

"आनि पुडी किती ते इसरलीस तर झिलूकडनं निरोप धाड. मी उत्तर देतो."

"इसरनार न्हाई."

कान्हूबाबाच्या अंगठ्याला ठेच लागून नख उपसलं होतं. चालताना त्यानं त्यावर कसलंसं पान बांधलं होतं, ते आता चिकटून बसलं होतं. एरवी उमाजीनं न विचारताच त्याचा पाय मांडीवर ओढून घेतला असता. आज त्यानं पेटी उघडली आणि केशरच्या पुढ्यात सरकवली.

तिनं मडक्यातलं पाणी वाडग्यात ओतलं, हात धुतले, पदराला पुसायला गेली आणि थांबली. हात तसेच ओले धरून तिनं उमाजीकडं बघितलं.

"तसंच वाळू देत," तो म्हणाला. "पुसायचं न्हाई. आदी पानी सोड पानावर. वढू नगंस, भिजलं की आपसूक सुटतंय."

केशरनं तशी धार धरली. पान हळूहळू सैल झालं. तिनं ते चिमट्यानं उचललं तसा म्हातारा कळवळला आणि पाय मागं घेतला.

"अण्णाचा हात हलका हाय," तो कुरकुरला.

"माजाबी व्हईल," केशर म्हणाली. "पाय हिकडं करा."

म्हाताऱ्यानं पाय पुढं केला. ती खाली वाकून नखाच्या कडेची माती काढायला लागली. कातळाच्या तोंडातून येणारी उन्हाची तिरीप आता पिवळी झाली होती आणि उमाजीची सावली नेमकी त्या अंगठ्यावर पडत होती. तिला नीट दिसावं म्हणून तो बसल्या जागी थोडा बाजूला सरकला.