लाल पाण्याची पाच मिनिटं

शिंपीणबाईंच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. दोघीजणी चक्क शिलाई मशीनला टेकल्या होत्या. टेबलावर काचेच्या दोन नळ्या होत्या. एकीत नळाचं पाणी, दुसरीत कोपऱ्यातल्या काचेच्या टाकीतलं.

"डोळे मिटा!" वरच्या मजल्यावरचे भाडेकरू गुरुजी दोन्ही नळ्यांत थेंब टाकत गरजले. "संशयाला पाच मिनिटं बाहेर चपलांपाशी बसवा. डोळे उघडाल तेव्हा पाण्यात प्राण दिसेल!"

पाच मिनिटांनी नळाचं पाणी पिवळं दिसलं, टाकीतलं लालभडक. सगळ्यांनी "अगं बाई!" केलं, बाप्यांनीसुद्धा.

"ज्या पाण्यात तुटलेला पाय परत उगवला, तिथं तुमचा गुडघा किस झाड की पत्ती!" गुरुजी म्हणाले.

पाय उगवला होता, हे खरंच. टाकीत बाईंचे दोन अ‍ॅक्सोलॉटल होते, बेडकाच्या दूरच्या नात्यातले शेपटीवाले जीव; एक फुगऱ्या, एक हसऱ्या. गळ्याशी पिसांसारखे कल्ले, तोंड कायम हसरं, जन्मभर मुक्काम पाण्यात. भुकेल्या फुगऱ्यानं हसऱ्याचा पाय तोडला आणि दोन-तीन महिन्यांत नवा आला.

बाईंनी पुस्तकं वाचून टाकी उभारली होती. आधी दीड महिना नुसतं पाणीच पोसलं, त्यात उपयोगी जिवाणू रुजावेत म्हणून. तळाशी बारीक रेती घातली, वर गारव्यासाठी पंखा लावला. दर आठवड्याला नळीनं तळचा गाळ ओढायचा, ती बादली मोरीत ओतायची आणि तेवढं ताजं पाणी भरायचं. एकदा गुरुजी म्हणाले, "फेकता कशाला? मला द्या की." बाईंनी हसत बादली दिली. पाणी तपासायच्या थेंबांच्या बाटल्याही दिल्या.

गुरुजी ते पाणी औषध म्हणून वाटू लागले आणि रांग लागली. आजवर "बटण लावून ठेवा" यापलीकडे न बोलणारे लोक बाईंना "आई" म्हणायला लागले. बाईंच्या तोंडाला कुलूप बसलं.

आज पुढेच ताई बसली होती, बाईंची सख्खी मोठी बहीण. साखरेचं दुखणं, त्यात पायाच्या बोटाला जखम.

"धाकटे, दवाखाना सोडला बघ मी. तीन आठवडे तुझंच पाणी लावतेय. घरात अमृत असताना कोण त्या डॉक्टरची बोलणी खाणार?"

तिनं पट्टी सोडली. पहिल्यांदा वास आला. मग बोट दिसलं, काळं.

बाईंच्या कानशिलांतून वाफा निघाल्या. त्यांनी तिसरी नळी घेतली, त्यात नळाचंच पाणी भरलं, खिडकीतल्या कुंडीच्या खताची चिमूट टाकली आणि वर तेच थेंब.

"डोळे उघडेच ठेवा," त्या म्हणाल्या.

"आई, शक्तीची परीक्षा घेऊ नये!" गुरुजी पाचही मिनिटं बडबडत होते. नळी मात्र मुकाट्यानं लाल झाली, आधीच्यापेक्षाही लाल.

"यात हसऱ्याही नाही आणि मंत्रही नाही. खतात जे असतं, तेच त्यांच्या विष्ठेतून पाण्यात साठतं. जितकं लाल, तितकं घाण. पाणी कधी फेकायचं, हे मी यावरूनच ठरवते."

"आणि पाय?" बेकरीवाल्यानं विचारलं.

"त्याचं शरीरच तसं आहे. पाण्याचा काही गुण नाही. आपलं शरीर तसं नाही."

"मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

बाईंनी नळी खाली ठेवली. "तुम्ही आई म्हणत होता ना, म्हणून."

तेवढ्यात गुरुजी कधी सटकले, कळलंच नाही. बाईंनी ताईला उठवलं आणि थेट दवाखाना गाठला. पाय वाचला, बोट गेलं.

महिन्याभरानं ताई आली. टाकीपुढे बसून हसऱ्याची बोटं मोजत राहिली.

"याची आली गं सगळी. माझं?"

"नाही येणार, ताई."

"ठाऊक आहे. तुझ्या तोंडून ऐकायचं होतं."

आता टाकीवर बाईंच्या अक्षरात पाटी आहे: 'हे पाणी घाण आहे. जखम डॉक्टरांना दाखवा.' थांबून वाचणाऱ्याला बाई मशीनवरूनच सांगतात, "डोळे मिटायला सांगणाऱ्याला आधी विचारा, पाणी लाल कशानं झालं? आणि शेजारी कुणी उत्तर ठाऊक असून गप्प उभं असेल, तर तिलाही सोडू नका."