पत्रकातली लढाई

दुबईच्या देरा भागातल्या एका सहा मजली ऑफिस बिल्डिंगच्या लॉबीत भिवा तांबे रोज बारा तास उभा असायचा. खुर्ची होती, पण तिच्यावर बसलेलं सुपरवायझरला खपत नसे. पंधरा वर्षं फौजेत, दोन वर्षं गावी आणि गेली आठ वर्षं इथं, असा त्याचा सगळा हिशेब. दुपारी तीननंतर गुडघे ठणकायला लागत. मग तो एकदा या पायावर, एकदा त्या पायावर भार देत सात वाजण्याची वाट बघे.

तिसऱ्या मजल्यावरच्या शिपिंग ऑफिसात जेराल्ड डाबरे नावाचा वसईचा क्लार्क होता. बडबड्या, पण मनाचा चांगला. चार वाजले की चहाचे दोन पेपर कप घेऊन तो खाली येई. दोन हजार चारच्या सप्टेंबरात त्याला अमेरिकेच्या निवडणुकीचं वेड लागलं होतं.

"भाऊ, एक जण लढाईवर जाऊन मेडल घेऊन आलाय. दुसरा तिकडे गेलाच नाही. आणि आता पहिल्याचीच मेडल्स खोटी म्हणून टीव्हीवर राडा चाललाय. तुम्ही फौजी माणूस, तुम्ही सांगा. प्रेसिडेंट कोण व्हायला पाहिजे?"

"मला काय कळतंय त्यातलं."

"असं कसं? ज्यानं स्वतः गोळी खाल्लीय त्यालाच कळणार ना, माणसं मरायला कधी पाठवायची?"

"ते शिकायला गोळी खावी लागत नाही," भिवा म्हणाला आणि लिफ्टकडे येणाऱ्या माणसाचं कार्ड बघायला पुढे झाला.

जेराल्डला एवढा उत्साह यायला आणखी एक कारण होतं. दुबईतल्या मराठी मंडळाचा तो सेक्रेटरी होता. अकरा वर्षांत पहिल्यांदाच अध्यक्षपदाला दोन उमेदवार उभे होते. एक अनुराधा सबनीस. ती हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागात होती. मजुरांच्या कॅम्पमधला कुणी माणूस गेला की कागद, शिक्के, पेटी, विमान हे सगळं नऊ वर्षं तीच बघत होती. दुसरे रिटायर्ड कॅप्टन दत्तप्रसाद खानविलकर, एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत मॅनेजर. मरीना भागात नवे टॉवर उभे राहत होते, तिथं त्यांच्या कंपनीची शेकडो माणसं होती.

त्या दिवशी जेराल्डनं खिशातून घडी केलेलं पत्रक काढलं. "हे बघा. आपल्याकडं पण सेम टॉपिक."

पत्रकावर तरुण खानविलकरांचा गणवेशातला फोटो होता. खाली लिहिलं होतं, 'रणभूमीवर सिद्ध झालेलं नेतृत्व. १९८७, श्रीलंका. शत्रूच्या वेढ्यातून आपल्या तुकडीला सुखरूप बाहेर काढणारा अधिकारी.'

भिवानं ते दोनदा वाचलं. बोलायचं नव्हतं, पण तोंडून निघून गेलं. "मी होतो त्या तुकडीत."

जेराल्डनं कप खिडकीत ठेवला. "काय सांगता? मग तुम्हीच या आणि बोला ना! सबनीसबाईंची माणसं म्हणतायत हे सगळं बनवलेलं आहे. तुम्ही साक्षीदार! येत्या शुक्रवारीच मीटिंग आहे, रमजान लागायच्या आधी."

"नको."

"दोन मिनिटं फक्त, भाऊ."

"नको म्हटलं ना," भिवा म्हणाला. पण जेराल्डच्या पोटात काही राहत नसे.

दोन दिवसांनी खानविलकर स्वतः लॉबीत आले. केस पांढरे झालेले, पोट सुटलेलं, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र. भिवाच्या टाचा आपोआप जुळल्या. त्याचा त्यालाच राग आला.

"तू भिवा तांबे. वायरलेस ऑपरेटर."

"होय साहेब."

"आठ वर्षं इथं आहेस आणि मला पत्ता नाही." खानविलकर थोडं हसले, मग थांबले. लॉबीत कुणी नव्हतं. "डाबरे म्हणत होता, तू मीटिंगला बोलणार आहेस."

"मी नाही म्हटलंय."

"ते पत्रक माझ्या पोरांनी छापलं. मी आधी वाचलं नव्हतं." मग ते म्हणाले, "वाचलं होतं. गप्प बसलो."

सतरा वर्षांपूर्वी जाफन्याच्या बाजूला, ताडाच्या झाडांमधल्या एका पाणंदीत ते दोघं एकाच खड्ड्यात पडून होते. समोर तीनशे पावलांवर पुढची तुकडी अडकली होती, चार जणांची. तिचा ऑपरेटर सुदेश, मंडणगडजवळ भिवाच्या शेजारच्या वाडीतला. भिवाच्या कानात त्याचा आवाज येत होता. आधी ठिकाण सांगत होता, मग मदत मागत होता, मग नुसतं "भिवा, भिवा" म्हणत होता. मागून कंपनी कमांडरचा हुकूम येत होता, पुढे जा, त्यांना काढा. आणि मग खानविलकरांचा हात भिवाच्या पाठीवरच्या सेटकडे आला आणि त्यांनी बटण फिरवलं. आवाज बंद झाला. कुणी पुढे गेलं नाही. अंधार पडल्यावर सुभेदारांनी नऊ जणांना मागं आणलं. चार जण सकाळी मिळाले.

चौकशीत भिवानं सांगितलं होतं, बॅटरी गेली. सुभेदारांनी तसं सांगायला लावलं होतं. खरं तर त्यांनी सांगितलं नसतं तरी भिवा तेच बोलला असता. त्यालाही पुढे जायचं नव्हतं.

"साहेब, एक विचारू? तुम्ही सेट बंद का केलात? पुढे गेलो तर सगळेच मरू म्हणून?"

खानविलकरांनी बराच वेळ लिफ्टवरच्या आकड्यांकडे बघितलं. "लोकांना मी तसं सांगतो. बायकोलाही तसंच सांगितलंय." मग ते हळू म्हणाले, "तो आवाज ऐकवेना रे. एवढंच आठवतं."

"मला शुक्रवारी बोलवू नका. दुसऱ्यांदा बॅटरी गेली म्हणून माझ्यानं सांगवणार नाही."

"नाही बोलावणार," खानविलकर म्हणाले. जाताना त्यांनी हात पुढे केला. भिवानं तो घेतला. मग संध्याकाळपर्यंत त्याला उभं राहणं फार जड गेलं.

शुक्रवारी त्याची सुट्टी होती. जाऊ नये असं ठरवूनही तो गेला. खोलीत आठ माणसं आणि एक पंखा, आणि खोलीतला रामेश्वर मागंच लागला होता. रामेश्वर भिवाच्याच पंचक्रोशीतला, बांधकामावर शटरिंगच्या कामाला. "चला ओ भाऊ. जेवण आहे, एसी आहे."

शाळेचा हॉल भरला होता. पुढे ऑफिसातली कुटुंबं होती. मागं कॅम्पमधून दोन बसेस भरून आलेली माणसं इस्त्रीचे शर्ट घालून बसली होती. सुरुवातीला हॉलच्या भाड्यावर, गणपतीच्या परवानगीवर बोलणं झालं. मग कुणीतरी पत्रकाचा विषय काढला आणि आवाज चढले.

"मंडळ चालवायला बंदूक कशाला पाहिजे?" एका बाईंनी विचारलं.

"मॅडम, डिसिप्लिन पाहिजे! प्रेशरमध्ये डिसिजन घ्यायला लागतो!"

"पण पत्रकातलं खरं कशावरून?"

जेराल्डला राहवलं नाही. तो माइकपाशी उठून म्हणाला, "खलास, वाद कशाला? त्या तुकडीतला माणूस इथंच बसलाय. भिवाभाऊ, उठा!"

सगळ्यांच्या माना वळल्या. खानविलकर पहिल्या रांगेत होते. ते अर्धवट उठले, "डाबरे, राहू दे," म्हणाले, पण टाळ्यांत ते कुणाला ऐकू गेलं नाही. भिवा उठला. माइकपर्यंत चालत जायला त्याला खूप वेळ लागला असं वाटलं. तिथं पोचल्यावर काय बोलायचं हे त्याला माहीत नव्हतं, फक्त खोटं बोलायचा आता कंटाळा आला होता.

त्यानं सगळं सांगितलं. आवाज न चढवता, ड्यूटीचा रिपोर्ट द्यावा तसं. खड्डा, पुढची तुकडी, तिच्यातला सुदेश, हुकूम, बटण. शेवटी म्हणाला, "चौकशीत मी बॅटरी गेली म्हणून सांगितलं. ते खोटं होतं. साहेब घाबरले होते. मीही घाबरलो होतो. गेलो असतो तर मेलो असतो की त्यांना काढलं असतं, ते मला सतरा वर्षांत कळलेलं नाही. आता यावरून साहेबांना मंडळ चालवता येईल का, ते तुम्ही ठरवा. मला त्यातलं कळत नाही."

मागून कुणीतरी ओरडलं, "चार पोरं मारली यांनी!" दुसरा म्हणाला, "नऊ वाचवली, ते बोला!" आणि पुन्हा गोंधळ सुरू झाला. त्यात अनुराधा सबनीस उठल्या. माइक न घेताच त्या म्हणाल्या, "गप्प बसा सगळे. ती चार पोरं कुणाची तरी होती. त्यांच्या नावावर मला मतं नकोत." मग भिवाकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही बसा, भाऊ. पाणी घ्या."

खानविलकर उठले. ते एवढंच म्हणाले, "हा बोलला ते खरं आहे." आणि खाली बसले.

मतदान झालं. खानविलकर एकतीस मतांनी निवडून आले. जेराल्ड दुसऱ्या दिवशी चहा घेऊन आला तेव्हा त्याचा चेहरा पडला होता. "भाऊ, कॅम्पवाल्यांनी सगळी मतं त्यांना दिली. मी विचारलं एकाला. तो म्हणाला, लढाईचं आम्हाला काय, मॅनेजर आहे, उद्या पासपोर्ट अडकला तर फोन तरी करील." त्यानं एक कप भिवाच्या हातात दिला. "माझं चुकलं. तुम्हाला असं उठवायला नको होतं."

"झालं ते झालं," भिवा म्हणाला. चहा तसाच निवला.

पण ते तिथं संपलं नाही. रामेश्वरनं हॉलमधून बाहेर पडल्या पडल्या गावी फोन केला होता. त्यात वाईट हेतू नव्हता. मोठी बातमी, घरी सांगितली. पंधरा दिवसांनी भिवाला बायकोचा निरोप आला, सुदेशची आई घरी येऊन बसलीय, तिला तुमच्याशी बोलायचंय, शुक्रवारी दुपारी दुकानातल्या फोनवर आणते.

ठकुबाई. भिवा सुट्टीला गेला की तिला लुगडं द्यायचा, तिच्या ओट्यावर चहा प्यायचा. सुदेश पहिल्याच गोळीला गेला, काही कळलंसुद्धा नाही त्याला, हे तिला भिवानंच सांगितलं होतं.

रमजानची दुपार. रस्ते ओस पडले होते, दुकानांची शटरं खाली. फोनबूथमध्ये ऊन भरलं होतं. त्यानं कार्ड घातलं आणि दुकानाचा नंबर लावला. पलीकडे बायकोचा आवाज आला, मग रिसीव्हर कुणाच्या तरी हातात गेल्याची खुडबुड झाली.

"भिवा?"

"होय, आये. मी बोलतोय."

"रामेश्वरची आई सांगत होती. खरं हाय?"

"खरं आहे."

फोनवर कार्डाच्या शिलकीचे आकडे कमी होत होते. भिवाला वाटलं, ती आता शिव्या देईल, आणि दिल्या तर बरं होईल.

"त्याचा आवाज तुला ऐकू येत व्हता?"

"येत होता."

"काय म्हनत व्हता?"

सांगू नये असं त्याला वाटलं. पण आता थांबण्यात अर्थ नव्हता. "माझं नाव घेत होता, आये."

पलीकडे दुकानात कुणीतरी तागडीत काहीतरी ओतल्याचा आवाज आला. भिवानं काचेला कपाळ टेकलं. काच तापलेली होती.

"मंजी त्याला ठावं व्हतं, तू जवळ हाईस म्हून," ठकुबाई म्हणाली. "येकटा नव्हता."

भिवानं रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"मला आधी सांगायचं व्हतंस. सतरा वर्सं तू माज्या ओट्यावर चा प्यालास." आता मात्र तिचा आवाज कापत होता. "आता या खेपेला आलास तर लगेच येऊ नगंस. मी बोलावीन. मला वाटंल तवा बोलावीन."

"बरं."

"जेवतोस का येळेवर?"

"जेवतो."

तिनं फोन परत दिला. बायको काहीतरी विचारत होती, पण कार्ड संपलं.

नोव्हेंबरात अमेरिकेतला निकाल लागला. ज्याच्या मेडलांवरून एवढा वाद झाला तो हरला. जेराल्डनं ते खाली येऊन सांगितलं, पण या वेळी त्यानं भिवाला काही विचारलं नाही. दोघांनी चहा संपवला. खानविलकरांनी मंडळाचं काम बरं चालवलं, असं लोक म्हणत. कागदपत्रांचं सगळं अनुराधाबाईंकडेच ठेवलं आणि लढाईचा विषय पुन्हा कधी काढला नाही. लॉबीत ते परत आले नाहीत.

भिवा पुढच्या मे महिन्यात गावी गेला. सव्वा महिना होता. ठकुबाईनं बोलावलं ते शेवटच्या आठवड्यात.