सत्यशीलाची गाडीवाट

हिवरवाडीच्या शिवारात सत्यशीलाची अडीच एकर काळी जमीन होती आणि त्या जमिनीतच पत्र्याचं दोन खणांचं घर. गाव तिथून पाऊण कोसावर. नवरा बजरंग काविळीनं गेला त्याला चार वर्षं झाली होती. एकुलती लेक उज्ज्वला परळीला दिलेली. जावई प्रविण तिथं थर्मल वीजकेंद्रात ठेकेदाराच्या हाताखाली कामाला. वस्तीवर उरली ती सत्यशीला, एक म्हैस आणि विहिरीचा उपसा.

बजरंग होता तोवर शेताकडं जाणारं-येणारं कुणी ना कुणी वाट वाकडी करून वस्तीवर टेकायचं. तो गेल्यावर ते हळूहळू थांबलं. विधवा बाईच्या वस्तीवर विनाकारण कोण बसणार? तरी दूध गोळा करणारा माऊली रोज सकाळी मोटारसायकलवर यायचा आणि दूध मापता मापता गावची एखादी बातमी सांगून जायचा. कुणाची सोयरीक जमली, कुणाची टोळी कोणत्या कारखान्याला गेली. दिवाळी झाली की निम्मं गाव ऊसतोडीला पांगायचं आणि मग माऊलीजवळही सांगायला फारसं नसायचं. पण गाडीचा आवाज यायचा. त्या आवाजावर सत्यशीलाचा दिवस सुरू व्हायचा.

ही गाडीवाट सुंदररावांच्या रानाच्या कडेनं येत होती. सुंदरराव गावातलं वजनदार माणूस. तीस एकर रान, सोसायटीत शब्द, निवडणुकीत त्यांच्या ओसरीवर बैठका. सत्यशीलाची अडीच एकरं त्यांच्या रानात पाचर मारल्यासारखी घुसलेली. बजरंगचं वर्षश्राद्ध झाल्यावर ते स्वतः वस्तीवर आले होते. एकटी बाई कुठवर राबणार, रान मला द्या, गावात जागा घेऊन सुखानं ऱ्हावा, असं त्यांनी सांगितलं. बोलण्यात धाक नव्हता. सत्यशीलानं पाण्याचा तांब्या पुढं केला आणि एवढंच सांगितलं, की मालक ह्याच मातीत गेलेत, मी इथंच बरी.

सुंदरराव पुन्हा आले नाहीत. पुढच्या उन्हाळ्यात त्यांचा ट्रॅक्टर आला. गाडीवाट नांगरून निघाली आणि आषाढात तिच्यावर उसाची कांडी पडली. सत्यशीला त्यांच्या ओसरीवर गेली. ते हसून म्हणाले, "वहिनी, तुमाला चालायला कुणी अडवलंय का? बांध हाय की."

बांध होता. एका वेळी एक पाऊल मावेल एवढा. त्यावरून मोटारसायकल येईना, म्हणून माऊलीनं येणं सोडलं. दुधाची किटली सत्यशीला डोक्यावर घेऊन गावात जाऊ लागली. मळणीयंत्र येईना, म्हणून सोयाबीनचे भारे तिनं एकटीनं, यंत्र उभं राहील अशा ओढ्याकाठापर्यंत वाहिले. पाचव्या दिवशी तिची मान वळेनाशी झाली. खुरपायला येणाऱ्या बाया म्हणाल्या, चिखलात बांधावरून पाय घसरतो, जवळचं रान बघतो.

हे सगळं तिनं सोसलं असतं. पण उज्ज्वलाला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, हे ठरल्यासारखंच होतं. सत्यशीलानं डिंक आणला, जुन्या लुगड्यांची दुपटी शिवली. सातव्या महिन्यात विहीणबाईंचा फोन आला. त्या वाकडं बोलल्या नाहीत. रात्री-बेरात्री कळा सुरू झाल्या तर पोरीला बांधावरून कसं काढणार, एवढंच त्यांनी विचारलं. बाळंतपण परळीलाच झालं. मुलगी झाली. सत्यशीला बाराव्या दिवशी बारशाला जाऊन पाहुणीसारखी परत आली आणि दुसऱ्या दिवशी अर्ज लिहून घ्यायला तालुक्याला गेली.

गावातलं कुणी सोबत आलं नाही. सुंदररावांच्या विरोधात कागदावर नाव नको, असं दिरानं सरळच सांगितलं आणि तो टोळीबरोबर निघून गेला. मग सत्यशीलाच पहाटे म्हशीची धार काढायची, बांधावरून गावात, गावातून जीपनं नांदूरघाटला आणि तिथून एसटीनं तालुक्याला. पहिल्या दिवशी कचेरीत कोणत्या दारातून आत जायचं हेही तिला ठाऊक नव्हतं. व्हरांड्यातल्या बाकड्यावर एक पांढऱ्या मिशांचे म्हातारे बसले होते. त्यांनी तिच्या हातातला कागद पाहिला आणि सरकून जागा दिली.

"रस्त्याची केस हाय का बाई?"

"हां."

"मग बसा. लई बसावं लागतं."

त्यांचं नाव आसाराम. माळेवाडीचे. त्यांच्या शेताची वाट चुलतभावानं तारेचं कुंपण घालून बंद केली होती आणि सहा वर्षं ते तारखा करत होते. सत्यशीला त्यांना मामा म्हणू लागली. कोणता कागद कुठल्या टेबलावर द्यायचा, पोच घेतल्याशिवाय कागद सोडायचा नाही, समोरच्या वकिलानं आवाज चढवला तर आपण खाली बघायचं नाही, हे तिला मामांनी शिकवलं.

रस्त्याच्या केसेस सोमवारी असायच्या, म्हणून दोघांच्या तारखा बहुतेक एकाच दिवशी पडत. कधी तहसीलदार साहेब दौऱ्यावर, कधी सुंदररावांचा वकील गैरहजर, कधी निवडणुकीचं काम. पुढची तारीख. मग दुपारी कचेरीमागच्या लिंबाखाली दोघं भाकरी सोडत. मामा बहुतेक वेळा नुसती चटणी-भाकरी आणायचे, म्हणून ती दोघांपुरती भाजी बांधून नेऊ लागली. मामा बोलायचे थोडं, पण विचारायचे नीट. म्हैस किती महिन्यांची गाभण आहे, नात पालथी पडायला लागली का, मान अजून दुखते का. बजरंगनंतर तिला तिच्या मानेबद्दल कुणी विचारलं नव्हतं.

एसटीतही ओळखी झाल्या. नांदूरघाटहून तालुक्याच्या शाळेवर जाणारी एक शिक्षिका तिच्यासाठी खिडकीची जागा धरायची. कंडक्टर विचारायचा, आज काय लागलं मावशी? सगळ्या गाडीला तिची केस पाठ झाली होती. रविवारी संध्याकाळी सत्यशीला पातळ धुऊन वाळत घालायची, डब्याला काय न्यायचं ते ठरवायची. आपण ह्या दिवसाची वाट बघतो, हे तिच्या लक्षात आलं होतं की नाही कोण जाणे. आलं असतं तरी तिनं ते कुणाला सांगितलं नसतं.

अशी दोन वर्षं गेली. साहेब बदलले. नव्या साहेबांनी एका दुपारी जागेवर येऊन पाहणी केली, जुना नकाशा उलगडला, शेजारच्या दोन म्हाताऱ्यांना विचारलं. त्या दोघांनी सुंदररावांच्या देखत सांगितलं, की वाट आमच्या बापाच्या वेळेपासून होती. सत्यशीलाला हे अपेक्षित नव्हतं. महिन्याभरात निकाल लागला: दहा फुटांचा रस्ता मोकळा करून द्यावा.

निकाल ऐकून ती बाहेर आली तेव्हा मामा बाकड्यावरच होते. त्यांची तारीख पुढं गेली होती. त्यांनी दोन्ही हात जोडून कपाळाला लावले, जणू निकाल त्यांचाच लागला. म्हणाले, "सुटलात बाई. आता पुन्हा इथं यायची पाळी येऊ नये." तिनं मान हलवली. एसटीत बसल्यावर तिच्या ध्यानात आलं, की मामांचा फोन नंबर आपल्याकडं नाही. कधी गरजच पडली नव्हती.

जेसीबी आला, तलाठी आले, पोलीस आले. अर्ध्या दिवसात उसाच्या कडेच्या ओळी निघाल्या, मुरूम पडला आणि वाट पहिल्यापेक्षाही रुंद झाली. सुंदरराव लांब गाडीजवळ उभे होते. सत्यशीलानं नारळ फोडला आणि जेसीबीवाल्याला, पोलिसांना चहा दिला. दुपारी सगळे गेले.

दुसऱ्या सकाळी माऊली मोटारसायकलवर आला. तिला फार बरं वाटलं. पण माऊलीची फेरी दोन वर्षांत वाढली होती. त्याला चार वस्त्या जास्तीच्या होत्या. त्यानं गाडी बंदही केली नाही. दूध मापलं आणि गेला. किटली घेऊन गावात जायचं आता कारण राहिलं नाही, म्हणून गावातही तिची फेरी होईना. खुरपायच्या बायांना निरोप धाडला तर त्या दुसरीकडं बांधलेल्या. सोमवार आला. तिनं सवयीनं पहाटेच धार काढली आणि मग ओट्यावर बसून राहिली. रस्ता समोर सरळ दिसत होता, पार वळणापर्यंत. त्यावर कुणी नव्हतं.

तिनं उज्ज्वलाला फोन लावला. रस्ता झाला, आता चार दिवस राहायला ये. उज्ज्वला म्हणाली, येते. पुढच्या रविवारी भाड्याची चारचाकी थेट दारात आली. प्रविण उतरला, उज्ज्वला उतरली, तिच्या कडेवर सव्वादोन वर्षांची राजनंदिनी. सत्यशीलानं पोरीवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. पुरणाचा स्वयंपाक तिनं पहाटेच केला होता, बाजेवर नवी वाकळ घातली होती, खिडकीला जुन्या पातळाचा पडदा शिवला होता.

जेवणं झाली. राजनंदिनी आजीकडं जाईना. तिला म्हशीचं भय वाटत होतं. प्रविणनं दोनदा मोबाईलमध्ये बघितलं आणि बाहेर जाऊन ड्रायव्हरशी बोलला. उज्ज्वला भांडी विसळता विसळता म्हणाली, "आई, निघावं लागंल. ह्यांची सकाळची पाळी हाय."

"मुक्काम करणार होतीस ना?"

"आता गाडी दारात येती की. कवाबी येता येतंय. आधी एवढं चालून यायचं म्हणून ऱ्हावंच लागायचं."

ती खोटं बोलत नव्हती. लग्नानंतर पहिली दोन वर्षं उज्ज्वला आली की चार-आठ दिवस राहायची, कारण जीप, चालणं, सामान, इतकी दगदग करून उलटपावली कोण जातं? सत्यशीलानं नातीच्या हातात पुरणपोळीचा घास दिला. तिनं तो घेतला. तेवढ्यात गाडी वळवून झाली होती. तीन वाजता आलेली माणसं सव्वापाचला वळणापलीकडं गेली. सत्यशीलानं खरकटं म्हशीला घातलं, वाकळ झटकून घडी घातली आणि बराच वेळ घडीवर हात ठेवून बसली.

दोन आठवड्यांनी निकालाची नक्कल आणायला ती तालुक्याला गेली. सोमवारच निवडला. डबा दोघांपुरता घेतला. बाकड्यावर मामा नव्हते. लिंबाखाली नव्हते. कारकुनाला विचारलं, तर त्यानं रजिस्टर चाळून सांगितलं, की आसाराम माळेवाडीकर दोन तारखांना गैरहजर, केस निकाली काढली. तिनं नक्कल पिशवीत ठेवली. नांदूरघाटची गाडी लागलेली होती. ती तिच्यात बसली नाही. माळेवाडीकडं जाणारी गाडी कुठं लागते ते विचारून तिच्यात बसली.

आसारामांचं घर गावाच्या टोकाला होतं. दारात त्यांची सून सुनिता ज्वारी निवडत होती. तिनं वर पाहिलं.

"कोण म्हणायचं तुमी?"

सत्यशीलानं पिशवी दुसऱ्या हातात घेतली. बहीण नाही, विहीण नाही, भावकी नाही, गाववाली नाही. दोन वर्षं एका झाडाखाली भाकरी खाल्ली, ह्याला काय म्हणतात ते तिला ठाऊक नव्हतं. "कचेरीत ओळख हाय," ती कशीबशी म्हणाली. सुनितानं तिला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

आतून काठीचा आवाज आला. मामा बाहेर आले, पायाला प्लास्टर. तिला पाहून ते दारातच थांबले.

"सुनिता, पाट टाक," ते म्हणाले. "माझ्या रस्त्यावाल्या बाई हायत."

ती बसली. मामांनी सांगितलं ते थोडक्यात असं, की विहिरीच्या पायऱ्यांवरून पडलो, महिना खाटेवर होतो, तेवढ्यात पोरांनी रान त्या कुंपणवाल्या चुलत्यालाच देऊन टाकलं. वाटच नव्हती, दुसरं घेणार कोण? पोरं संभाजीनगरला कंपनीत लागली. केस आता कशाची चालवायची?

"तुमच्या रस्त्यानं आलं का कुणी?" त्यांनी विचारलं.

"लेक आली व्हती."

"ऱ्हायली का?"

"न्हाई. दोन तास."

मामांनी काठीच्या टोकानं जमिनीवर एक रेघ ओढली आणि पायानं पुसली. सुनितानं चहा आणला. सत्यशीलानं डबा सोडला. दोघांनी तिथंच ओसरीवर भाकरी खाल्ली आणि सुनिताही थोड्या वेळानं येऊन बसली. वांग्याची भाजी तुम्ही कशी करता, तिनं विचारलं. साडेचारची गाडी शेवटची होती. निघताना मामांनी सुनिताकडून आपला नंबर कागदावर लिहून घेतला आणि सत्यशीलाच्या हातात दिला. म्हणाले, मला ऐकू कमी येतं, मोठ्यानं बोलावं लागेल.

ती हिवरवाडीला उतरली तेव्हा दिवस मावळायला टेकला होता. गाव ओलांडून ती आपल्या वाटेला लागली. मुरूम अजून दबला नव्हता, पायाखाली करकरत होता. वळणावर तिनं थांबून मोबाईल काढला, कागदावरचे आकडे एकेक करून दाबले आणि पोचले असं सांगण्यासाठी कानाला लावला. बराच वेळ घंटी वाजत राहिली. कुणी उचलला नाही. मामांना ऐकू आलं नसेल, असं म्हणून ती पुढं चालू लागली. म्हैस लांबूनच हंबरत होती. धारेची वेळ टळून गेली होती.