निळ्या रेघेच्या आत

नदीकाठच्या त्या गल्लीत पुराबद्दल शेवटचा शब्द टेलरमास्तरांचा असे. सव्वीस वर्षांपूर्वी पाणी आलं तेव्हा ते आपल्या दुकानाच्या तिसऱ्या पायरीवर उभे होते, आणि पाणी दुसऱ्या पायरीला लागून परत फिरलं होतं. गल्लीतली निम्मी बिऱ्हाडं त्यानंतर आलेली. त्यामुळे नदी जरा फुगली की माणसं नदीऐवजी मास्तरांच्या तोंडाकडे बघत. मास्तर मान खाली घालून शिवत बसलेले दिसले, की गल्ली निर्धास्त होई.

त्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला जिल्हा कार्यालयाने नवा नकाशा लावला. नदीच्या दोन्ही अंगांनी एक निळी रेघ होती. रेघेच्या आतल्या घरांना पुराचा धोका आहे, त्यांनी वेगळा पूरविमा उतरवावा, असं पत्रक घरोघर आलं. त्यात 'शंभर वर्षांचा पूर' असे शब्द होते. मास्तरांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि दुकानात जमलेल्यांना सांगितलं, "शंभर वर्षांतून एकदा येतो म्हणे. सव्वीस झाली. अजून चौऱ्याहत्तर वर्षं झोपा निवांत."

हा विनोद संध्याकाळपर्यंत गल्लीच्या टोकाला जाऊन परत आला.

शेजारचा सुतार मात्र पत्रक घडी करून खिशात घालून आला. मास्तरांपेक्षा पंधरा वर्षांनी लहान, अबोल माणूस. त्याचा कारखाना मास्तरांच्या दुकानापेक्षा दोन पायऱ्या खाली होता. रंधा मारायचं मोठं यंत्र त्याने नुकतंच घेतलं होतं आणि शाळेच्या बाकांचं काम हाती आलं होतं. रोज दुपारी चारला तो मास्तरांकडे चहाला येई. त्या दिवशी कप हातात धरून त्याने विचारलं, "मास्तर, उतरवू का विमा? तुम्ही म्हणाल तसं."

मास्तर टीप मारता मारताच म्हणाले, "त्यांचा धंदाच भीती विकायचा. तू तुझे बाक कर."

सुतार हसला. पत्रक चिंध्यांच्या टोपलीत टाकून गेला.

मास्तरांची सून त्याच जिल्हा कार्यालयात नकाशांच्या विभागात कामाला होती. मुलगा लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा, महिन्यातून चार दिवस घरी. त्यामुळे दुकानामागच्या घरात सासरा आणि सून अशी दोघंच, आणि दोघांचं छान जमायचं. चौऱ्याहत्तर वर्षांचा विनोद तिला शेजारणीने ऐकवला तेव्हा ती हसली नाही. रविवारी तिने कपाटातून घराच्या विम्याचे जुने कागद काढले आणि मास्तरांसमोर बसून मोठ्याने वाचले. आग होती, चोरी होती, वादळाने उडालेलं छप्पर होतं. चौथ्या पानावर बारीक अक्षरात लिहिलं होतं, की नदीनाल्याच्या पाण्याने झालेलं नुकसान यात धरलेलं नाही. मास्तरांनी ते कागद अठरा वर्षं जिवापाड जपले होते, वाचले मात्र एकदाही नव्हते.

"असू दे," ते म्हणाले. "चौऱ्याहत्तर वर्षं आहेत ना."

सूनबाईने वाद घातला नाही. तिने बटणांच्या डब्यातून नव्व्याण्णव पांढरी बटणं मोजून घेतली, त्यात एक लाल टाकलं आणि पिशवीत घालून पिशवी त्यांच्यापुढे धरली. "बाबा, एक बटण म्हणजे एक वर्ष. न बघता काढा. बघून झालं की परत आत टाका."

मास्तरांनी पोरखेळ म्हणून सुरुवात केली. पांढरं, पांढरं, पांढरं. चाळीस वेळा पांढरंच आलं तेव्हा त्यांनी सुनेकडे विजयाने पाहिलं. त्रेचाळिसाव्या वेळी लाल आलं. "आलं एकदाचं," ते म्हणाले, "आता शंभर वर्षं सुटका." लाल बटण आत टाकून पिशवी हलवली आणि पुन्हा हात घातला. सत्तेचाळिसाव्या वेळी परत लाल.

मास्तरांनी पिशवी खाली ठेवली.

"नदीला मोजता येत नाही, बाबा," सूनबाई म्हणाली. "मागच्या खेपेला आपण कधी आलो होतो, हे तिच्या लक्षात नसतं. दरवर्षी शंभरात एक. तीस वर्षं त्याच घरात काढली तर चारात एक."

त्या आठवड्यात मास्तरांनी विमा उतरवला. घराचा वेगळा, आतल्या मशीनींचा आणि कापडाचा वेगळा. तो लागू व्हायलाच तीस दिवस लागणार होते, म्हणजे नदी फुगल्यावर धावाधाव करून उपयोग नव्हता. सूनबाईने प्रत्येक मशीनचा फोटो काढून ठेवला.

आणि मास्तर मूग गिळून बसले.

सांगायचं त्यांच्या मनात होतं. सुतार रोज चारला येत होता, समोर बसत होता. एकदा शब्द अगदी ओठावर आले. तेवढ्यात सुतारानेच एका गिऱ्हाइकाला चौऱ्याहत्तर वर्षांचा विनोद ऐकवला, गिऱ्हाईक खो खो हसलं, आणि मास्तरही हसले. त्यानंतर ते जास्तच अवघड झालं. सूनबाईने विचारलं, "शेजारी सांगितलंत ना?" ते म्हणाले, "सांगतो, सांगतो."

चार महिन्यांनी वर डोंगरात तीन दिवस पाऊस धो धो कोसळला. गल्लीत नुसती भुरभुर होती, म्हणून कोणी मनावर घेतलं नाही. सकाळी नऊच्या सुमारास पाणी पहिल्या पायरीला लागलं, साडेनऊला दुसरीला. मास्तर तिसरीवर उभे होते. पाणी परत फिरलं नाही. त्यांच्या पायाला लागलं आणि वर चढत राहिलं.

सासऱ्या-सुनेने मिळून दोन मशीनी माळ्यावर चढवल्या. बाकीच्यांना हात लावायला वेळ नव्हता. सुताराचं यंत्र तर चार माणसांना हलणारं नव्हतं. तो कमरेएवढ्या पाण्यातून मास्तरांच्या दाराशी आला. "मास्तर, थांबेल ना?"

"चल," म्हणत मास्तरांनी त्याचा दंड धरला, आणि सगळे उंचावरच्या शाळेत गेले.

तिसऱ्या दिवशी परत आले तेव्हा भिंतींवर छातीच्या उंचीला चिखलाची रेघ होती. सुताराचं प्लायवूड भिजून पानं सुटल्यासारखं झालं होतं. अर्धे झालेले बाक कोपऱ्यात एकमेकांवर चढून बसले होते. यंत्राच्या पोटातून चिखल निघत होता.

आठवड्याने विमा कंपनीचा माणूस मास्तरांकडे आला. त्याने भिंतीवरची खूण मोजली, फोटो ताडून पाहिले. सुतार शेजारी फावड्याने चिखल ओढत होता. तो दारात येऊन उभा राहिला.

"तुमचा विमा होता?"

"होता," मास्तर म्हणाले.

"कधीपासून?"

"उन्हाळ्यापासून."

सुताराने मान हलवली आणि तो गेला. थोड्या वेळाने फावड्याचा आवाज पुन्हा सुरू झाला. त्याने चार शिव्या घातल्या असत्या तर मास्तरांना सोपं गेलं असतं.

भरपाई मिळाली. मशीनी जुन्या म्हणून किंमतही जुनीच धरली होती, पण भिंती उभ्या राहतील आणि दुकान चालू होईल इतकी होती. दोन दिवसांनी सूनबाई म्हणाली, "बाबा, नकाशा न कळणं ही काही चूक नाही. मलाही कळायला वेळ लागला होता." पुढचं तिने म्हटलं नाही.

मास्तर उठून सुताराकडे गेले. तो पटाशीचा गंज काढत बसला होता. मास्तर बसले नाहीत.

"तुला नको म्हणालो तेव्हा मला खरंच तसं वाटत होतं. मग कळलं. स्वतःपुरता उतरवला, तुला सांगितलं नाही. माझा शब्द खोटा पडला हे गल्लीला कळू नये म्हणून."

सुताराने पटाशी उलटी करून दुसरी बाजू घासायला घेतली. "सांगितलं असतंत तरी कदाचित मी घेतला नसता," तो म्हणाला. "हप्ता ऐकून घरात नकोच म्हणाले असते. पण ते आता मला कधीच कळणार नाही, मास्तर. तेवढं तुम्ही घेतलंत माझं."

मास्तर घरी आले.

सुताराने वरच्या रस्त्याला, निळ्या रेघेच्या बाहेर, मेहुण्याची शेड घेतली आणि बाकांचं काम हातानेच सुरू केलं. चहाला तो येईनासा झाला. जिल्हा कार्यालयाने पूरविम्याबद्दल शाळेत सभा घेतली तेव्हा मास्तर सगळ्यांसमोर उभे राहिले. आपला विनोद चुकीचा होता, आणि तो चुकीचा आहे हे कळल्यावरही आपण गप्प बसलो, हे त्यांनी जसंच्या तसं सांगितलं. मागच्या रांगेत सुतार होता. तो ऐकून निघून गेला. पुढचे दोन महिने मास्तर चौदा घरं फिरले. विम्याचे कागद वाचून दाखवायचे, यात काय येतं आणि काय येत नाही ते सांगायचे. अकरा घरांनी विमा घेतला. एका आजीबाईंनी, आता तुमचं कोण ऐकणार, असं तोंडावर म्हणून दार लावून घेतलं. मास्तरांनी तेही ऐकून घेतलं.

पुरानंतर दुकानाचं दार फुगून बसलं होतं. लागतच नव्हतं. रात्री त्याला आतून बाक लावून ठेवावा लागे. दुसरा सुतार बोलवा, असं सूनबाईने दोनदा सुचवलं. मास्तर, बघू, म्हणत राहिले.

एका सकाळी सुतार हत्यारांची पिशवी घेऊन पायरीवर उभा राहिला. कोणी बोलावलं नव्हतं. त्याने दार बिजागरीतून उतरवलं, आडवं टाकलं आणि रंधा मारायला लागला. सूनबाईने चहा आणून ठेवला. तो त्याने थंड झाल्यावर, उभ्यानेच प्यायला. दार परत चढवून त्याने तीनदा उघडून लावून पाहिलं.

"लागतंय," तो म्हणाला. "पण लाकडात ओल आहे अजून. पावसाळ्यात पुन्हा फुगेल. तेव्हा बोलवा."