एर्मेन्सिया समुद्राला निघाली

मार्चमधल्या जोडून आलेल्या सुट्टीत, सोमवारी, भर गर्दीत एर्मेन्सियाने एक थाप ठोकून दिली.

कोलंबियातल्या इसा या डोंगरी गावच्या चौकात तिचं गोडाचं दुकान होतं. दुकान म्हणजे छपराखाली एक लांब टेबल आणि त्यावर काचेची पेटी. पेटीत गुळाच्या पाकात मुरलेली अंजिरं, अंड्याच्या पांढऱ्या फेसाचं, ब्लॅकबेरी घातलेलं मेरिंग, दुधात भिजलेला केक. सोमवार जोडून आला की बोगोताहून गाड्यांची रांग लागायची, आणि एर्मेन्सिया पहाटे चारपासून संध्याकाळचे दिवे लागेपर्यंत उभी असायची. एकोणतीस वर्षं हेच चाललं होतं. लोकांची सुट्टी म्हणजे तिचा घाम.

त्या सोमवारी मोठ्या गवती टोपीवाली एक बाई अंजिराचा तुकडा तोंडात टाकता टाकता सहज बोलून गेली, "इतकी छान जागा आहे तुमची! मग तुम्ही सुट्टीला कुठे जाता हो?"

मागे वीसेक माणसं खोळंबली होती. "कुठेच नाही" म्हणायला किती वेळ लागतो? पण एर्मेन्सियाच्या तोंडून बाहेर आलं ते भलतंच.

"सान आंद्रेसला. यंदा ऑगस्टमध्ये चाललोय."

बाई खूश होऊन निघून गेली. पण शेजारच्या टेबलावर आनातिल्दे होती. गेली पंधरा वर्षं ती एर्मेन्सियाला खेटून गोडच विकत होती, आणि तिचे कान वयोमानाने अजिबात उतरले नव्हते.

"सान आंद्रेस?" हातातला चमचा तसाच ठेवून ती म्हणाली. "बेटावर? विमानाने?"

"मग काय, चालत जाऊ?" एर्मेन्सिया म्हणाली.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं. तिचा नवरा एलिएसेर दाढी करायला गेला होता, तिथे न्हाव्याने त्याचं अभिनंदन केलं. तो घरी आला, टोपी खुंटीला अडकवली आणि चुलीपाशी येऊन उभा राहिला.

"सुमर्से, आपण समुद्राला चाललोय असं मला आत्ता कळलं." तिकडची माणसं आदराने आणि मायेने एकमेकांना 'सुमर्से' म्हणायची, नवरा-बायकोसुद्धा.

"मलाही आज दुपारीच कळलं," एर्मेन्सिया म्हणाली, आणि तिला हसू आवरेना. हसता हसता तिच्या लक्षात आलं, थाप मारून आपल्याला लाज वाटत नाहीये. उलट लग्नाआधी वाटायची तशी हुरहूर वाटतेय. साठीला वर्ष उरलं होतं आणि तिने समुद्र कॅलेंडरवर सोडून कुठे पाहिला नव्हता.

"जाऊया ना हो," ती म्हणाली.

एलिएसेरने गुळाच्या गरम पाण्याचा पेला उचलला, फुंकर घातली. "तुम्ही जा. युरानीला घेऊन जा. गाईंचं कोण बघणार? आणि समुद्रात आहे काय, पाणीच ना?"

युरानी त्यांची मुलगी. बोगोतात दातांच्या दवाखान्यात पेशंटच्या वेळा लावायची. तिला ऑगस्टमध्ये रजा मिळणार नव्हती, पण आई विमानात बसणार हे ऐकून ती फोनवर किंचाळलीच. आठवड्याभरात तिने बेत करून पाठवला. एर्मेन्सियाने चष्मा लावून तो फोनवर वाचायला घेतला, आणि वाचता वाचता खुर्चीत बसली. तिने तसाच युरानीला फोन लावला.

"सकाळी सात, होडीने छोट्या बेटावर. दहा वाजता मासे बघणे. साडेबारा, जेवण, पस्तीस मिनिटं. एक वाजता गाडीने बेटाला फेरी... युरानी, अगं ही सुट्टी आहे की सैन्यभरती?"

"आई, पाचच दिवस आहेत! सगळं बघून व्हायला नको?"

"पस्तीस मिनिटांत मी जेवू कशी? माशाला काटे असतात."

"मग पंचेचाळीस करते."

"आणि ही रात्री नऊची नाचाची पार्टी कोणासाठी?"

"तुमच्या दोघांसाठी."

"तुझे बाबा येत नाहीयेत," एर्मेन्सिया म्हणाली.

खरं सांगायचं तर तिच्या सगळ्या आनंदात तेवढंच एक कुसळ होतं. बाकी ती तरंगतच होती. जवळच्या सोगामोसो शहरात जाऊन तिने पोहायचा पोशाख आणला. आनातिल्दे हट्टाने बरोबर आली होती. पडद्याआड एर्मेन्सिया तो घट्ट कपडा वर ओढत होती, तर बाहेरून आनातिल्दे ओरडत होती, "दाखवा तरी! केळीच्या पानात कोंबलेल्या सारणासारख्या दिसत असाल!" दुकानदारीण हसून हसून काउंटरवर आडवी झाली. दोघींनी मग निळ्या रंगाचा, खाली झालर असलेला निवडला. एर्मेन्सियाने तो घरी आणून रुआनाखाली, म्हणजे अंगावर घ्यायच्या लोकरी घोंगडीखाली, घालून पाहिला. बाहेर बोचरी थंडी, आत समुद्राचे कपडे. आरशासमोर ती कितीतरी वेळ उभी होती.

पण एलिएसेर काही पाघळेना. उलट त्याचं वागणं विचित्र होऊ लागलं. मंगळवारी आणि गुरुवारी तो उजाडायच्या आत घराबाहेर पडायचा. "गाय आटली आहे, बघून येतो," म्हणायचा. परत यायचा तो गाल लालबुंद, केस ओले, आणि अंगाला उकडलेल्या अंड्याचा वास. एर्मेन्सियाने आटलेली गाय स्वतः जाऊन पाहिली. ती बादलीभर दूध देत होती.

छत्तीस वर्षांच्या संसारात या माणसाने कधी तिच्याशी खोटं बोललेलं नव्हतं. तिला राग आला, त्याहून जास्त धास्ती वाटली. पुढच्या गुरुवारी तो गेल्यावर तिने बूट चढवले आणि धुक्यातून त्याच्या मागे निघाली. तो कुरणाकडे वळलाच नाही. चर्चमागून गेला, ओढा ओलांडला आणि गावाबाहेरच्या गंधकाच्या गरम पाण्याच्या कुंडाकडे उतरला.

कुंडावर वाफ दाटली होती. कठड्याशी पोहोचताच तिला आधी आवाज ऐकू आला.

"पोट वर! अरे, पोट वर कर! माणूस आहेस का बटाट्याचं पोतं?"

"बटाट्याचं पोतं बुडतं," एलिएसेर तोंडातलं पाणी थुंकत म्हणाला, "म्हणूनच तर विचारतोय, मी कशाला तरंगेन!"

वाफ जरा हलली. पाण्यात एलिएसेर उताणा पडला होता. डोळे घट्ट मिटलेले, पाय ताठ, आणि डोक्यावर टोपी. त्याच्या पाठीखाली विल्फ्रीदोचा पंजा होता. विल्फ्रीदो मूळचा किनाऱ्यावरचा, इथल्या मुलीशी लग्न करून इथेच राहिलेला इलेक्ट्रिशियन. गावात सगळे एकमेकांना तुम्ही म्हणायचे, हा एकटा पाद्र्यालाही अरे-तुरे करायचा.

"टोपी काढ ना बाबा!"

"थंडी वाजते."

एर्मेन्सिया खो-खो हसली. एलिएसेरने डोळे उघडले, कठड्यावर बायको पाहिली आणि क्षणात दिसेनासा झाला. टोपी तेवढी तरंगत राहिली. विल्फ्रीदोने त्याला काखेत धरून वर काढला.

"गाय कशी आहे?" एर्मेन्सियाने विचारलं.

तो नाकातोंडातलं पाणी पुसत राहिला. विल्फ्रीदो आपला समजूतदारपणे पलीकडच्या कोपऱ्यात पोहत गेला.

"एकोणीस वर्षांचा होतो," एलिएसेर अखेर म्हणाला. "तलावावर कांद्याची होडी ओढत होतो. पाय घसरला. कोणीतरी केसांना धरून बाहेर काढलं. तेव्हापासून पाण्यात घोट्याच्या वर गेलो नाही."

"मला कधी बोलला नाहीत."

"काय बोलणार? तुम्ही समुद्रात हसत-खिदळत उभ्या राहणार आणि मी काठावर बूट घालून चपला राखणार. त्यापेक्षा न आलेलं बरं, असं वाटलं आधी." त्याने हात पाण्यात मारला. "मग वाटलं, तुम्ही पहिल्यांदा समुद्र बघणार आणि मी इथे गाईचं तोंड बघणार? हेही काही बरं नाही. म्हणून म्हटलं, आधी तरंगता येतं का बघू. नाही आलं तर कोणाला कळायला नको."

एर्मेन्सियाला रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही. एवढा आनंद झाला होता की रडायला जागाच उरली नव्हती. तिने रुआना काढली, बूट काढले, आणि घागऱ्यासकट पायऱ्या उतरून गळ्यापर्यंत पाण्यात गेली.

"विल्फ्रीदो! मलाही शिकवा!"

"ये की!" तो तिकडून ओरडला. "एक पोतं होतं, आता दोन झाली!"

त्यानंतर दर मंगळवारी आणि गुरुवारी दोघं मिळून जायची. एप्रिल गेला, मे गेला. जूनमध्ये एर्मेन्सिया दोनशेपर्यंत आकडे मोजून होईतो तरंगायला लागली. एलिएसेर एकशेसाठवर बुडायचा आणि मोजण्यात चूक झाली म्हणून भांडायचा. घरी येऊन गरम मक्याच्या भाकऱ्या खात दोघं बेटाच्याच गप्पा मारत. समुद्राचं पाणी खारट म्हणजे किती खारट? तिथे रात्री पांघरूण लागतं का? रुआना न्यायची की नाही यावर तीन दिवस वाद चालला. शेवटी एक न्यायची ठरली, दोघांत मिळून. गाई तेवढे पाच दिवस विल्फ्रीदो बघणार होता.

युरानी रविवारी आली तेव्हा एर्मेन्सियाने स्वयंपाकघरातल्या टेबलावर तिच्यासमोर कागद ठेवला. पाचच ओळी होत्या. पहिला दिवस, पोहोचणे. दुसरा, समुद्र. तिसरा, काही नाही. चौथा, एलिएसेर ठरवतील. पाचवा, परत.

युरानीने कागद उलटा करून पाहिला. "बाकीचं कुठे आहे?"

"बाकीचं तेच आहे."

"आई, तिसऱ्या दिवशी 'काही नाही' म्हणजे काय? इतक्या लांब जाऊन?"

"पोरी, काही नाही करायला मी एकोणतीस वर्षं थांबलेय. ते इथे जमत नाही. लांबच जावं लागतं."

"आणि चौथा दिवस बाबा ठरवणार? बाबांचे मोजेसुद्धा तू ठरवतेस!"

"म्हणूनच," एलिएसेर मोठ्या तोऱ्यात म्हणाला. "वर्षातून एक दिवस माझा."

युरानी हसली, आणि तिचा तो मिनिटा-मिनिटांचा बेत तिने आपल्या हाताने पुसून टाकला. एक मागणी मात्र सोडली नाही. रोज संध्याकाळी फोन करायचा.

ऑगस्टमध्ये वारा सुटला, पोरं कुरणात पतंग घेऊन पळू लागली. जोडून सुट्टी आली तशा बोगोताच्या गाड्याही आल्या. एर्मेन्सियाच्या रिकाम्या टेबलावर पाटी लावलेली होती, "सुट्टीवर." पाटीचा दोरा तिने दोनदा घट्ट केला.

"आज माझ्याकडे दुप्पट गिऱ्हाईक येणार," आनातिल्दे म्हणाली. "दर महिन्याला जात जा बाई." आणि मग एकदम तिला घट्ट मिठी मारून कानात पुटपुटली, "सगळं नीट बघून या. परत आल्यावर मला एकेक गोष्ट सांगायची."

विमानात एलिएसेरने खिडकी धरली आणि शेवटपर्यंत सोडली नाही. ढग संपले, खाली निळं दिसू लागलं, मग हिरवट निळं, मग काचेसारखं. "एर्मेन्सिया," तो म्हणाला. हवाई सुंदरीने पट्टा बांधायला सांगितला तरी त्याची मान वळेना. "एर्मेन्सिया, हे खरंच असतं."

दार उघडलं तशी बेटाची हवा भट्टीच्या तोंडासारखी अंगावर आली. ज्या घरी खोली घेतली होती त्या घराची मालकीण मिस ऑर्लीन बेंट फाटकातच उभी होती. उंच, सडसडीत, सत्तरीची. तिने दोघांच्या बुटांकडे पाहिलं आणि आधी शहाळी फोडली. "उद्याची होडी सांगू का?" तिने विचारलं.

"नको. उद्या आम्हाला समुद्रात जायचंय. रस्त्यापलीकडे आहे तोच."

"आणि परवा?"

"परवा काही नाही."

मिस ऑर्लीनने डोळे बारीक करून तिच्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "तुम्ही दोघं माझी आवडती माणसं होणार असं दिसतंय."

दुसऱ्या दिवशी दोघं समुद्रात उतरली. पाणी खरंच खारट होतं, कल्पनेपेक्षा कितीतरी खारट, आणि कुंडापेक्षा सोपं. ते आपणहूनच अंगाला उचलून धरत होतं. एलिएसेर उताणा पडला, टोपीशिवाय. आकडे मोजायचे दोघंही विसरून गेली.

तिसऱ्या दिवशी काही केलं नाही. दुपारभर पाऊस पडला, म्हणून ओटीवर बसून राहिली. मिस ऑर्लीनने नारळाच्या दुधात मासे, कंद आणि केळी घालून शिजवलेलं कालवण दिलं, ते दोन तास जेवली. संध्याकाळी युरानीचा फोन आला.

"मग? काय केलंत आज?"

"काही नाही," एर्मेन्सिया म्हणाली, आणि सांगायला लागली. एक काळा खेकडा रस्ता ओलांडायला निघाला तर दोन मोटारसायकली कशा थांबल्या. पलीकडच्या घरातल्या म्हाताऱ्या डॉमिनो खेळताना टेबलावर सोंगट्या कशा आपटतात. पावसात समुद्राचा रंग किती वेळा बदलला, सहा की सात. तुझे बाबा खुर्चीत झोपले आणि त्यांच्या पोटावर कोंबडी येऊन बसली. चाळीस मिनिटं झाली तरी तिचं संपेना.

"आई, श्वास घे," युरानी हसत म्हणाली. "बरं, उद्याचा दिवस बाबांचा. काय ठरवलंय त्यांनी?"

एर्मेन्सियाने फोन पुढे केला. एलिएसेरने घसा खाकरला. ही घोषणा करायची म्हणून तो बहुधा दिवसभर वाट बघत होता.

"खूप विचार केला," तो म्हणाला. "उद्या परत आजचाच दिवस."